सापळ्याला विटाळ

बेंबळीच्या शिवारात, हरभऱ्याच्या बांधावर ज्ञानोबांनी घाटेअळीचे पतंग धरायच्या कामगंध सापळ्याची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. एकही पतंग पडला नाही.

"बघा मॅडम! आमच्या सुनंनं गेल्या महिन्यात अडचणीत असताना हात लावला. बाटला सापळा."

सून शिवांजली तिथंच उभी होती. शेतीशाळेला जमलेलं अर्धं गाव ऐकत होतं आणि एकालाही लाज वाटली नाही.

कृषी सहायक प्रतीक्षाने राग गिळला. "काका, सापळ्यातल्या या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. नराच्या मिशांमध्ये तो वास पकडणारी प्रथिनं असतात, म्हणून तो येऊन अडकतो. मादीच्या तर अंडी घालायच्या अवयवातही तसली प्रथिनं असतात. झाडाचा वास घेऊनच ती अंडी घालते. यात बाईच्या पाळीचा काय संबंध?"

'पाळी' ऐकताच दोघं-तिघं उगाच आभाळाकडे बघू लागले. ज्ञानोबा मात्र खुलले.

"म्हंजी पतंगाला इतका बारीक वास कळतो, व्हय ना? मग इटाळ तेवढा कळणार न्हाय?"

बांधावर हशा पिकला. प्रतीक्षाचे कान तापले. तिचंच शास्त्र तिच्यावर उलटलं होतं.

"म्या गोळी लावली तवा रोज पतंग पडत हुते," शिवांजली म्हणाली. हसणं थांबलं. "मामंजींनी इटाळ काढायला ती गोमूत्रात बुचकळली. तवापसून पडंना झाले."

प्रतीक्षाने गोळी काढून नाकाशी नेली आणि झटकन तोंड फिरवलं. आता हसं ज्ञानोबांचं झालं. शेजारचा बंडप्पा तर पोट धरून खाली बसला.

"गप ऱ्हा!" ज्ञानोबा सुनेवर ओरडले. "घरातलं बांधावर आणतीस? आजपसून बाजूला बसलीस की शेतात पाऊल टाकायचं न्हाय. पीक माझं हाय!"

ते पीक पेरलं होतं शिवांजलीने, खुरपलंही तिनेच. तिने बाटलीतल्या पाण्याने हात स्वच्छ धुतले, प्रतीक्षाकडून नवी गोळी मागून घेतली आणि सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत सापळ्यात बसवली.

"मामंजी, आज माझा दुसरा दिवस हाय," ती म्हणाली. "उद्या सकाळी पतंग मोजा. समद्यांसमोर."