दहा सेकंद थांबा

"बसून बोला ना, सत्यवान," विनीत म्हणाला.

"उभ्यानच बरा आसा," सत्यवान परब म्हणाला.

मालवणातल्या एका लॉजच्या हॉलमध्ये 'चटकन' या पैसे पाठवायच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती आठ गिऱ्हाइकांना वापरायला दिली होती. सोमवारी ती सगळ्यांच्या फोनवर जाणार होती. जुन्या अ‍ॅपमध्ये आधी समोरच्याचं नाव दिसायचं, मग पुन्हा बटण दाबावं लागायचं. नव्यात ते पान काढून टाकलं होतं. रक्कम टाका, अंगठा ठेवा, पैसे गेले. पुण्याच्या ऑफिसातून आलेल्या विनीतने ते तीनदा करून दाखवलं. सात जणांनी पाच-पाच तारे दिले, भेटीच्या पिशव्या उचलल्या आणि चहाला गेले.

सत्यवानने तारेही दिले नाहीत आणि पिशवीही घेतली नाही.

त्याला प्राजक्ताने बोलावलं होतं. प्राजक्ता मूळची कणकवलीची. अ‍ॅपवर काय, कुठे आणि कसं दिसावं हे ठरवणं तिचं काम. गेल्या चार महिन्यांत सत्यवानकडून फसवणुकीबद्दल अकरा तक्रारी आल्या होत्या, सगळ्या मुद्देसूद. तो तोंडवलीत पर्यटकांची होडी चालवत होता, त्याआधी दोन वर्षं गोव्यात कुठल्याशा ऑफिसात होता, एवढंच तिला ठाऊक होतं.

येताना तो बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या हौसाबाईंना घेऊन आला होता. महिन्यापूर्वी तो आपणहून त्यांच्या जागेवर गेला होता आणि त्यांची तक्रार लिहून दिली होती.

"सांगा, काकी," तो म्हणाला.

"गेल्या वर्सा फोन इलो," हौसाबाई म्हणाल्या. "बँकेतसून बोलतंय म्हणालो. आपल्या मालवणीत बोलत होतो, म्हणान माका संशय इलो नाय. नातीच्या नर्सिंगच्या फीचे अडतीस हजार गेले."

विनीतने मान हलवली. "वाईट झालं. पण तेव्हा जुनंच अ‍ॅप होतं ना? नाव दिसत होतं. तरी पैसे गेलेच. मग त्या पानाचा उपयोग काय?"

"नाव दिसला, पण मुंगीएवढ्या अक्षरात," सत्यवान म्हणाला. "तरी काकी थांबली. 'हो कोण?' म्हणान विचारल्यान."

"होय तर," हौसाबाई म्हणाल्या. "विचारलंय खरा."

"माणूस थंय थांबता. तेव्हा फोनवरचो काय करता? घाई करता. 'सायबाचा नाव आसा ता, काकी, बटण दाबा, नायतर खाता बंद होतला.' त्याका भीती असता ती फक्त त्या धा सेकंदांची. धा सेकंद गेले की माणूस शुद्धीवर येता."

"मग काय करायचं म्हणता?"

"नाव मोठा करा. मोठ्यान वाचून दाखवा. नवीन माणसाक पैसे जातत तर धा सेकंद थांबवा. आणि फोनवर बोलणा चालू असताना पैसे जावकच देव नकात."

विनीत हसला. "दहा सेकंदांत गिऱ्हाईक दुसऱ्या अ‍ॅपवर जाईल."

"जांव दे. तुमका गिऱ्हाईक होया की त्याचे पैसे?"

"हे बघा, आमच्याकडे दहा हजार लोकांचं सर्वेक्षण आहे. तुमच्याकडे या एक बाई."

"धा हजार माणसांक तुम्ही विचारलात, पैसे पटकन जावक होये काय. कोणाक, ता विचारलात?"

विनीतने लॅपटॉप मिटला. "झालं तर मग. सोमवारी—"

"सोमवारच्या आवृत्तीवर माझी सही नाही," प्राजक्ता म्हणाली.

"नोकरीचा विचार करून बोल."

"करूनच बोलतेय. ते पान काढताना मी गप्प बसले, ती चूक झाली. आता नाही बसणार."

विनीतने लॅपटॉप पुन्हा उघडला.

"मला वर दाखवायला कागद लागेल," तो म्हणाला. "फसवणूक झालेल्या माणसांचं म्हणणं, त्यांच्याच शब्दांत, सहीनिशी. अशी दोन असली तर मी सोमवार पुढे ढकलून घेतो. एक बाईंचं. दुसरं यांचं."

प्राजक्ताने लगेच दोन अर्ज काढले. हौसाबाई सांगत गेल्या तसं तिने लिहून घेतलं, त्यांनी खाली सही केली. सत्यवान मात्र स्वतःच लिहायला बसला. आता पहिल्यांदाच तो बसला होता. एक बाजू भरली, दुसरी भरली. चहा निवून गेला.

प्राजक्ताने कागद वाचला आणि विनीतला दिला. पहिल्या वाक्याला कोणता आवाज लावतात, खात्याची भीती कधी घालतात, माणूस कुठे अडखळतो, कुठल्या क्षणी घरातल्या कोणाला हाक मारायला बघतो, सगळं क्रमाने लिहिलं होतं. विनीतने तो दोनदा वाचला. आता तो हसत नव्हता.

"एवढं नीट आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "हे वाचल्यावर कोणी नाही म्हणणार नाही. मी शब्द देतो."

"दादा, एक रकाना राहिला," प्राजक्ता म्हणाली. "गेलेली रक्कम. तुमचे किती गेले?"

सत्यवानने पेन खाली ठेवलं. कुठलाही आकडा चालला असता. तपासणार कोणीच नव्हतं.

हौसाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सांग रे बाबा. लाज कसली? लाज फसयणाऱ्याक होयी."

सत्यवानने पेन उचललं. रकाना तसाच ठेवून खाली पूर्ण नाव लिहिलं, गावाचा पत्ता लिहिला, सही केली आणि कागद टेबलाच्या मधोमध सरकवला. मग तो पुन्हा उभा राहिला.

"माझो एक रुपयो गेलो नाय," तो म्हणाला. "गोव्यातसून काकीक तो फोन मीच केलंय."