गवत बंद

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी दादा ट्रॅफिकमध्ये अडकला आणि हॉस्पिटलात मी एकटाच धावत राहिलो. नंतर त्याने स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला, जुना माझ्या गळ्यात मारला, आणि वर "तुझ्यासाठी काय काय करतो बघ" हेही ऐकवलं.

हल्ली रोज संध्याकाळी आम्ही आपापल्या घरून, एकाच टीममधून, युद्धाचा गेम खेळतो. म्हणजे तो खेळतो. माझं डबडं पावलापावलाला अडखळतं आणि मी शिव्या खातो.

"अरे, इथे मी एकटा लढतोय! तू कुठे मेलास?" आजही तो हेडफोनमधून खेकसला. माझं डोकंच फिरलं. सेटिंग्ज उघडल्या आणि डबड्याला जड जाणारं सगळं बंद करत सुटलो. सावल्या बंद, धूर बंद, गवत बंद. गेम एकदम भुर्रकन पळायला लागला. मी दात-ओठ खात त्याच्या मदतीला धावलो.

माझ्या पडद्यावरचं मैदान आता पार बोडकं झालं होतं. त्याच्या पडद्यावर मात्र कमरेएवढं गवत अजून डुलत असणार. कारण त्या बोडक्या मैदानाच्या मधोमध दादा निवांत पालथा पडला होता. बंदूक पाठीला, अंगावर एक ओरखडा नाही, आसपास एकही शत्रू नाही.

"लवकर ये रे, चहूबाजूंनी घेरलंय मला!" तो माझ्या कानात ओरडत होता.

 

"दादा," मी म्हटलं, "आईच्या ऑपरेशनच्या दिवशी नक्की कुठल्या ट्रॅफिकमध्ये अडकला होतास?"