दुपारची घसरण

ऑटो घरासमोर थांबला तेव्हा सव्वाबारा झाले होते. आधी पाणी तरी पी, ही आईची हाक शिवकन्याने कानाआड केली आणि चपला न काढताच ती जिना चढली.

अर्ध्या गच्चीवर शिजवलेली हळद वाळत होती. उरलेल्या अर्ध्यात तिची सोलर सेलची फळी होती, आणि फळीवर चक्क गोणपाट. तिचे वडील माणिकराव बादलीतून त्यावर पाणी ओतत होते, अगदी मन लावून.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"काय म्हंजे? दुपार झाली."

एवढ्यात सगळं आलं, असा त्यांचा चेहरा होता.

एकेचाळीस दिवसांपूर्वी तिने ही फळी गावी, कुरुंद्याच्या उन्हात आणून ठेवली होती. काचेखाली बिस्किटाएवढे आठ सेल. चार साध्या पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचे. ते वीज झकास देतात, पण ओल लागली की पिवळे पडून संपतात. उरलेल्या चारांवर तिने त्याच जातीच्या पदार्थाचे एकावर एक पातळ थर चढवले होते. वीजही जास्त मिळावी आणि ओलही आत शिरू नये, हाच तिच्या पीएचडीचा सगळा खटाटोप. नांदेडला खोलीत बसून ती रोज फोनवर आकडे बघायची. रोज बाराच्या सुमारास वीज धपकन खाली यायची आणि तीनला पुन्हा वर. तिने घरी विचारलंही होतं, फळीला कुणी हात तर लावत नाही ना? "माझ्याबिगर कुणाला फिरकू देत न्हाई," बाबा म्हणाले होते. आणि ही शहाणी निर्धास्त झाली होती.

मग तिने त्या घसरणीवर आख्खं प्रकरण लिहिलं. उष्णतेने स्फटिकातले आयन जागा सोडतात, ऊन उतरलं की परत येतात, वगैरे. चौतीस पानं. तिच्या गाईड प्रतिक्षा मॅडम खूश झाल्या. सोमवारी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांपुढे तेच मांडायचं होतं, आणि पीएचडी पुढे सरकणार की वर्षभर अडकणार ते तिथेच ठरणार होतं. आज शनिवार. ती फक्त फळीचे फोटो काढायला आली होती.

"सोलरला ऊन लागतं, बाबा. आपल्या पंपाचं पॅनल झाकता का तुमी?"

"ते येगळं. हे बेणं हाय. यावरून पुढं मोठी पॅनलं होणार, तूच म्हणलीस. विकायची हळद उन्हात टाकावी, बेणं सावलीत ठेवावं. सकाळ-संध्याकाळचं ऊन देतोच की. बेण्यावर पाला टाकतात, पण इथं तो उडून जातो म्हणून गोणपाट टाकलं. कोरडं ठेवलं तर खाली तापतं, म्हणून पानी."

यात चूक काढायची तरी कुठून? शिवकन्याचं डोकं सणकलं. तापमानाचा सेन्सर लावला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. महाग पडतो म्हणून तो तिनेच लावला नव्हता.

"चौतीस पानं लिहिली मी त्याच्यावर. सगळी मातीत घातली तुमी."

माणिकरावांनी बादली खाली ठेवली. "चाळीस दिवस झाले, भर उन्हाचं रोज गच्चीवर चढतो, तर हे. आता तुझं तू पाह्य. मी हात लावणार न्हाई."

तिने गोणपाट ओढून काढलं. साधे चारही सेल पिवळेजर्द झाले होते. ते नवव्या दिवशीच गेले हे तिला आकड्यांवरून माहीत होतं, दोष तिने काचेच्या चिकटपट्टीला दिला होता. थरांचे चार मात्र काळेभोर. फोनवर त्यांचा आकडा चढत चढत जवळजवळ पहिल्या दिवसाइतका झाला. तिने दोनदा पाहिलं, पण आनंद काही झाला नाही. आता मॅडमना सांगणं भाग होतं. तिने फोन लावला आणि काही न लपवता सांगून टाकलं.

 मग मॅडम म्हणाल्या, "रोज पाणी टाकलं? एकही दिवस चुकला नाही?"

तिने वडिलांना विचारलं.

"एक बी न्हाई. पुसेगावला लग्नाला गेलतो, त्या दिवशी शेजारच्या प्रेमदासला सांगून गेलतो. त्यानं जेवण करून टाकलं आसंल, थोडा उशीर झाला."

तो बाविसावा दिवस. त्या दिवशी घसरण चाळीस मिनिटं उशिरा आली होती. चौतीसपैकी तीन पानं नुसती त्या चाळीस मिनिटांवर होती. रडावं की हसावं ते शिवकन्याला कळेना.

"ते प्रकरण फाडून टाक," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. पण रोज तीन तास ओल, वर हे ऊन, आणि तरी तुझे चार सेल जिवंत आहेत. आपल्या प्रयोगशाळेत हे कुणाला जमलेलं नाही. वडिलांना विचार, अजून साठ दिवस टाकतील का पाणी? याच वेळेला, असंच. आणि आजचा खाडा नको."

तिने फोन ठेवला. मग वडिलांकडे न बघता तिने मॅडमचा निरोप एका दमात सांगितला.  माणिकराव खाली बसून हळद पालटत राहिले.

शेवटी तिने स्वतःच गोणपाट उचललं, फळीवर पसरलं आणि बादली उपडी केली.

माणिकराव उठून आले. त्यांनी वाकून फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दोन कोपरे उघडे ठेवलेस," ते म्हणाले. "इतकी शिकलीस, आन् असं ढिसाळ काम?"