चौथा टेक

स्टुडिओत काचेपलीकडे लेखक स्वतः येऊन बसले होते. अलीकडे माइकपुढे बसून ती जादूगारांच्या शाळेवरची त्यांची मुलांची कादंबरी ऑडिओबुकसाठी वाचत होती. पाचव्या प्रकरणात एका तोतऱ्या विद्यार्थ्याला वर्गापुढे मंत्र म्हणायचा असतो. शब्द अडकला की त्याचे कान गाढवासारखे लांब होतात आणि अख्खा वर्ग हसून लोळतो.

"ताई, फारच सभ्य तोतरेपणा झाला हा," लेखक माइकवरून म्हणाले. "जरा तोंड वेडंवाकडं करा ना. पोरं खिदळली पाहिजेत."

तिने दुसरा टेक दिला, मग तिसरा. लेखकांनी रेकॉर्डिस्टच्या हातावर टाळी दिली. त्यांच्या बाजूचा माइक उघडाच होता. "आमच्या वर्गात होता असा एक. रोज उभा करायचो त्याला. काय धमाल यायची!"

तिला त्यांची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची आली, कारण तीन टेक तिने मुकाट्याने दिले होते. लहानपणी तिलाही वर्गात असंच उभं करायचे. आरशापुढे बसून एकेक अक्षर सोडवायला तिला अकरा वर्षं लागली होती.

तिने पुस्तक मिटलं. हे मी वाचणार नाही, असं तोंडावर सांगायचं ठरवून तिने माइक जवळ ओढला.

"म… म… मी हे व… वा… वा…"

लेखक खुर्चीतून उठलेच. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हेच! हेच हवं होतं मला! रेकॉर्ड झालं ना?"