निवडलेली डाळ

"दुकान चालत नाही, तर गाळा अडवून काहून बसला गा?" असं विचारत गोपाळराव लहानूच्या दुकानासमोरच्या बाकावर ऐसपैस बसले.

लहानू रद्दीच्या पिशव्या चिकटवत होता. त्याची बायको भीमाबाई मांडीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. काउंटरपुढं गिऱ्हाईक नव्हतं. नागपूरच्या नंदनवन वस्तीत यात नवल काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दुकान उघडलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली आणि आळीतल्या बायका रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालायला लागल्या. भांडण कोणाचंच नव्हतं. गोपाळरावांचं तर मुळीच नव्हतं. गाळा त्यांचाच, म्हणून ते रोज येऊन बसत, पेपर वाचत. पाणी तेवढं घरून पिऊन येत.

"चालंल हळूहळू," लहानू म्हणाला.

"काय चालंल? त्या चंद्रभाननं सगळी आळी खाऊन टाकली. आणि तुम्ही भीमाबाई, एवढी डाळ कोणासाठी निवडून राहिल्या?"

"घरात पाहुणे लय हायेत, भाऊ." भीमाबाईंनी मान वर केली नाही.

चंद्रभान हा पन्नाशीचा सायकलवाला. कपाळावर टिळा, सायकलच्या दोन्ही बाजूंना थैल्या. सकाळी दारोदार चिठ्ठ्या गोळा करायचा आणि दिवेलागणीच्या आत किराणा घरपोच. बोलणं कमी, वजन चोख, माल कुठल्याशा मालकाचा. वर्षभरात त्यानं चाळीस घरं धरली.

लोक घरबसल्या किराणा का घेतात, याचा अभ्यास गोपाळरावांइतका कोणी केला नसेल. हिशेबखात्यात तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासून ते निवृत्त झाले होते. आता आळी तपासत.

"मास्तरांची देवकी सांगते, पाय दुखतात," ते लहानूला समजावू लागले. "खोटं. दिवाळीले तुपाऐवजी डालडा घेते, ते चार बायांनी पाहू नये म्हणून चिठ्ठी. यमुताई सांगते, ऊन लागते. तिच्या थैलीत तळाशी बिडीचं बंडल असते. महादेवरावाच्या घरी दोन जावा, दोन चिठ्ठ्या. एकीची साखर दुसरीले दिसत नाही."

"आणि तुमचं, गोपाळराव?" लहानूनं पिशवीची कड दाबत विचारलं.

"माझं सरळ हाये. आपण खातो ते कुठून येते, कोणाचा हात लागते, हे माणसाले माहीत पाहिजे." त्यांची नजर तसबिरीवर गेली. "म्हणजे, तुले म्हणून नाही म्हणत."

"नाही, नाही. बरोबर हाये तुमचं."

"त्याची डाळ पाह्य एकदा. वर्षभरात एक खडा लागला नाही दाताले."

भीमाबाईंनी सुपातून एक खडा उचलला आणि अंगणात टाकला.

गोपाळरावांनी घसा साफ केला. ज्यासाठी आले होते ते आता काढलं. "पंधरा दिवसांत गाळा खाली कर, लहानू. मेलेलं दुकान दारात बरं दिसत नाही. ज्याचा धंदा चालते, त्याले देतो मी."

सुपाचा आवाज थांबला. लहानूनं खळीची वाटी बाजूला सरकवली. या दुकानापायी त्यानं गिरणीतली नोकरी सोडली होती. नंदनवनात त्याला दुसरा गाळा कोणी दिला नसता, हे त्यालाही माहीत होतं आणि गोपाळरावांनाही.

"नवा भाडेकरू कागद करंल, त्या दिवशी माझा कागद फाडून टाका," तो म्हणाला. "मी एक शब्द बोलणार नाही."

माणूस इतका गरीब स्वभावाचा की गोपाळरावांना जरा वाईटच वाटलं. पण जरासंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभान चिठ्ठी घ्यायला आला, तेव्हा त्यांनी त्याला ओसरीवर बसवलं. चहा दिला, कपबशीतून.

"तुझ्या मालकाले सांग, लहानू बसते तो गाळा देतो. पाच वर्षांचा पक्का करार."

"सांगतो, साहेब. पण पुढच्या चौकातलेही एक जण मागं लागले हायेत."

"अरे, मग सहा वर्षं! मालक आपल्यातलाच ना?"

"नागपूरचेच हायेत, साहेब."

"कधी दिसले नाहीत ते?"

"लय कामात राह्यतात. घरपोचच सगळं."

गोपाळराव खूश होऊन हसले. असाच माणूस त्यांना हवा होता. आठवड्याच्या आत त्यांनी स्टँपपेपरवर करार लिहून घेतला. सहा वर्षं गाळा खाली करायला सांगणार नाही, हे कलम त्यांनी स्वतःच घातलं, कारण पुढच्या चौकातल्या माणसानं पाचच लिहिली होती म्हणे. भाडेकरूच्या नावाची जागा कोरी होती.

"नाव मालक आपल्या हातानं लिहितील," चंद्रभान म्हणाला.

"लिहू दे, लिहू दे." गोपाळरावांनी दोन साक्षीदारांसमोर सही ठोकली. मग लहानूचा जुना कागद काढून त्याचे चार तुकडे केले आणि करारासोबत आठवड्याची चिठ्ठीही दिली. "दोन किलो तूरडाळ. नेहमीचीच दे गा, निवडलेली."

चंद्रभान निघाला. मोठ्या रस्त्यानं गेला, पिठाच्या चक्कीपाशी वळला, मागच्या बोळात शिरला आणि एका लहान दाराला त्यानं सायकल टेकवली. आत अंधूक उजेडात पोती रचलेली होती. चिठ्ठी त्यानं सुपावर ठेवली आणि करार उघडून कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"इथं नाव लिहा, मालक."

लहानूनं बोटांची खळ पुसली.