तीन दिवसांची पारख

साधना पाळण्यावर वाकली. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. मागं उभ्या बायकांनी मुठी वळल्या. आत्यानं कानात नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचेच असतात आणि त्यात कुणी दयामाया दाखवत नाही. नेमकी तेव्हाच बाळाला शिंक आली.

"थांब!" दारातून हरिओम ओरडला. "सांगू नको. हे नाव बराबर न्हाई."

बायकांच्या मुठी वरच्या वर राहिल्या. शिवकन्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारसं ठरवून मोडायची ही तिसरी वेळ. पोरगी तीन महिन्यांची झाली, मान धरायला लागली, आणि अजून तिला सगळे 'बाळ' म्हणत होते.

हरिओम तिचा नवरा. रोज बदनापूरहून जालन्याला जायचा, सराफाच्या दुकानात अंगठ्यांमध्ये खडे बसवायचा. दिवसभर हातात माणिक, पन्ना, पोवळं, गोमेद. लेक झाली तेव्हा त्यानं सांगून टाकलं, हिचं नाव रत्नाचंच ठेवायचं. शिवकन्येलाही ते आवडलं होतं. पण खड्यांची एक रीत असते. नीलमासारखा कडक खडा गिऱ्हाईक लगेच घालत नाही. आधी घरी नेतं, दंडाला बांधतं, तीन दिवस बघतं. मानवला तर अंगठीत, नाहीतर दुकानात परत. हरिओमनं हीच रीत लेकीच्या नावांना लावली.

हिरा म्हणून हाक मारली, दुसऱ्या दिवशी पोरीनं दूध ओकलं. हिरा परत. माणिक सुरू केलं त्याच दिवशी डोस दिला होता, रात्री अंग तापलं. डोस दिला की सगळ्याच लेकरांना ताप येतो, हे नर्सबाईंनी दोनदा सांगितलं. तरी माणिक परत. मोती हे नाव तर तीन तासही टिकलं नाही, कारण सासूबाईंनी, नंदाबाईंनी, आठवण करून दिली की पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्याचं नाव मोती आहे. एकटी पन्ना तीन दिवस निभावली. चौथ्या दिवशी याचं मन फिरायच्या आत शिवकन्येनं घाईघाईनं बायकांना बोलावणं धाडलं, घुगऱ्या शिजवल्या. आणि आता ही शिंक.

"शिंकली त काय झालं?" नंदाबाई म्हणाल्या. "नाक हाये तिला."

बायका खो खो हसल्या. हरिओम हसला नाही. तो तडक मागच्या अंगणात निघून गेला. शिवकन्या त्याच्या मागं गेली.

तो हौदापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून हौदापर्यंत येरझारा घालत होता. त्याची भीती तिला कळत नव्हती असं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची पहिली लेक नवव्या दिवशी दवाखान्यातच गेली होती. बारशाला तीन दिवस उरले होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे तिला मान्य होतं. पण हा माणूस नुसता फुंकतच बसला होता, पीत काही नव्हता. आज तिचा धीर सुटला.

"किती दिवस चालून राह्यलं हे?" ती म्हणाली. "एक लेक बिननावाची गेली. आता हिलाबी तशीच ठेवायची का? दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलं व्हतं माहीत हाये ना? शिवकन्याचं बाळ! रोज आठवण येती तिची. अन् मनातल्या मनात हाक मारायला गेलं त शब्दच न्हाई. कोणाला रडू मी?"

हरिओम थांबला.

"नाव व्हतं तिला," तो म्हणाला.

शिवकन्या एक पाऊल पुढं आली.

"जन्मली तवा नर्सबाईनं पहिले माझ्याच हातात दिल्ती. डोळे निळे दिसले मला. कानाशी तोंड नेलं अन् म्हटलं, नीलम. तीन दिवस थांबलो न्हाई, पारख केली न्हाई, काई न्हाई. दुकानात समद्यांला सांगतो, नीलम एकदम घालू नका. अन् माझ्याच लेकराला… मंग नवव्या दिवशी गेली. तुला कोण्या तोंडानं सांगू?"

आता ही आपल्या अंगावर धावून येईल, या अंदाजानं तो खाली मान घालून उभा राहिला. शिवकन्या धावली नाही. ती हौदाच्या कडेवर बसली. तिचे ओठ हलले. एकदा, मग पुन्हा एकदा. दोन वर्षं दाटून राहिलेलं रडू आता कुठं मोकळं झालं. ती रडली आणि रडताना तिला बरं वाटलं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग तिनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि ती आत गेली. हरिओम तिच्या मागोमाग आला आणि दाराशी थबकला. बायका ताटकळून बसल्या होत्या. साधना अजून पाळण्यापाशीच होती.

"वहिनी, मंग कोणतं सांगू?" तिनं विचारलं.

"पन्नाच सांगा, साधनाताई," शिवकन्या म्हणाली. "पण त्याच्या आधी तिच्या कानात तिच्या थोरल्या बहिणीचं नाव सांगा. नीलम."