आठ महिन्यांची गाडी

लाल स्पोर्ट्स कारच्या सीटवरची शिवण हेमांगीने कॉम्प्युटरवर टाका न् टाका रेखाटली होती, कारण व्हिडिओ गेममधल्या त्या एका गाडीसाठी स्टुडिओचे मालक सरदेशमुख यांनी तिला आठ महिने दिले होते. शर्यतीतल्या उरलेल्या अकरा गाड्या मात्र त्यांनी चार दिवसांत उरकायला लावल्या. त्यांची चाकं अष्टकोनी झाली आणि मागचे दिवे नुसते रंगवून भागवले.

"सर, यांना निदान पंधरा दिवस द्या," तिने विनवलं होतं.

"त्या डबड्यांकडे कोण बघतंय, मॅडम?"

एका गाडीवर आठ महिने खपल्याचं ऐकून आज गुंतवणूकदार निंबाळकरसाहेब आले. त्यांनी पैसे घातले नाहीत, तर स्टुडिओला कुलूप लागणार होतं. सरदेशमुखांनी त्यांच्यासाठी अदबीने लाल गाडी निवडली आणि कंट्रोलर हातात दिला.

साहेब जन्मात असलं काही खेळले नव्हते. पहिल्याच वळणाला ते सर्वांत मागे पडले आणि तिथेच रमले. पडद्यावर ड्रायव्हरला दिसतो तेवढाच रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावर एक करडं डबडं अष्टकोनी चाकांवर इमानाने धावत होतं. लाल गाडीच्या सीटवरची शिवण साहेबांच्या पाठीमागे होती.

"सरदेशमुख, ती आठ महिन्यांची गाडी कधी दाखवताय?" दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं.

सरदेशमुखांनी हेमांगीकडे पाहिलं.

"साहेब, आपण तिच्यातच बसलाय," ती म्हणाली. "पुढच्या डबड्याला ती आरशात दिसली असती. पण त्याला आरसा बसवायला सरांनी वेळ दिला नाही."